पूर्णांकयुक्त अपूर्णांक दशांशात कसे मांडायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपूर्णांक म्हणजे करायचा राहिलेला भागाकार. ३/४ लिहिताना आपण ‘३ ला ४ ने भागा’ एवढे सांगून थांबलेलो असतो. दशांशात मांडायचे म्हणजे तो भागाकार पुरा करायचा. हे एकदा मनात बसले की पुढचे बरेचसे प्रश्न त्यातूनच सुटत जातात. खालचे प्रश्न विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कामात मापे घेणारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकत्र केले आहेत. लिहिताना पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यात जागा सोडली आहे: ३ ५/८ म्हणजे तीन पूर्णांक पाच छेद आठ.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणजे नेमके काय?

एक पूर्ण संख्या आणि तिला जोडून एक छेदाधिक अपूर्णांक, म्हणजे ज्याचा छेद अंशापेक्षा मोठा आहे असा. या दोघांमध्ये बेरजेचे चिन्ह असते, फक्त ते लिहायची पद्धत नाही. २ ३/५ म्हणजे २ + ३/५. पुढे बीजगणितात दोन गोष्टी शेजारी लिहिल्या की गुणाकार समजतात, त्यामुळे मोठ्या वर्गातली मुलेही इथे फसतात आणि २ × ३/५ करून १.२ उत्तर आणतात. खरे उत्तर २.६.

मराठी बोलणाऱ्याला ही कल्पना नवी नसते. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे सगळे पूर्णांकयुक्त अपूर्णांकच आहेत. सव्वा म्हणजे १ १/४ म्हणजे १.२५, अडीच म्हणजे २ १/२ म्हणजे २.५. ज्याला अपूर्णांकांची धास्ती वाटते त्याला मी आधी हे शब्द दशांशात लिहायला सांगतो. निम्मी भीती तिथेच जाते.

दशांशात मांडायची सगळ्यांत सरळ रीत कोणती?

पूर्णांक बाजूला ठेवा. तो जसाच्या तसा दशांश चिन्हाच्या डावीकडे येणार आहे, त्याला हात लावायचा नाही. फक्त अपूर्णांकाचा भागाकार करा, अंश भागिले छेद. जे येईल ते चिन्हाच्या उजवीकडे.

३ ५/८ मध्ये ५ ÷ ८ = ०.६२५, म्हणून ३ ५/८ = ३.६२५.

तो भागाकार पायरीपायरीने दाखवाल का? ५ मध्ये ८ चा भाग जातच नाही.

जात नाही, म्हणून उत्तरात शून्य लिहायचे, त्यापुढे दशांश चिन्ह द्यायचे, आणि ५ वर एक शून्य उतरवून घ्यायचा. खरे तर आपण ५ एककांचे ५० दशांश करतो. मूल्य तेच, तुकडे बारीक.

आता ५०. आठ सक अठ्ठेचाळीस, ६ चा भाग लागला, बाकी २. ते २ दशांश म्हणजे २० शतांश. आठ दुणे सोळा, २ चा भाग, बाकी ४. ते ४ शतांश म्हणजे ४० सहस्रांश. आठ पंचे चाळीस, ५ चा भाग, बाकी शून्य. भागाकार संपला: ०.६२५.

प्रत्येक वेळी उतरवलेला शून्य कुठून येतो हे मुलांना सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते. तो कुठून उसना आणलेला नसतो. उरलेल्या तुकड्याचे आपण दहा-दहा भाग करत जातो, एवढेच. हे कळलेले मूल दशांश चिन्ह कुठे द्यायचे ते विसरत नाही.

आधी अंशाधिक अपूर्णांक करून घ्यावा लागतो ना?

करता येतो (अंशाधिक म्हणजे ज्याचा अंश छेदापेक्षा मोठा), करावाच लागतो असे नाही. ३ ५/८ चा अंशाधिक अपूर्णांक करायचा तर ३ × ८ = २४, त्यात ५ मिळवून २९, म्हणजे २९/८. मग २९ ÷ ८ = ३.६२५. उत्तर तेच येते, पण भाज्य मोठा होतो आणि चूक व्हायची शक्यता वाढते. १७ ५/८ घेतले तर १४१ ÷ ८ करत बसावे लागेल आणि शेवटी तोच १७ परत मिळेल. म्हणून दशांशासाठी पूर्णांक बाजूला ठेवणे मला अधिक पटते. गुणाकार-भागाकार करायचे असतील तर मात्र अंशाधिक रूपच सोयीचे.

छेदाने पूर्णांकाला गुणून अंश मिळवायचा हा नियम फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) तो आहे आणि त्याला जोडून वजाबाकीचाही आहे: भाग जास्त असेल तर अंश मिळवा, कमी असेल तर वजा करा. पहिल्याला भागानुबंध म्हणतात, दुसऱ्याला भागापवाह. आपले ‘पावणेदोन’ हे भागापवाहाचे नेमके उदाहरण आहे, दोनाला पाव कमी: २ − १/४ = १.७५. पावणेआठ म्हणजे ७.७५. पावणे ऐकून ८.७५ लिहिणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तिथे चूक गणिताची नसते, शब्दातला ‘उणे’ ऐकू आलेला नसतो.

भागाकार न करता दशांश मिळतो का?

छेदाला कशाने तरी गुणून १०, १०० किंवा १००० करता येत असेल तर मिळतो, आणि झटकन मिळतो. ७/२५ मध्ये अंश-छेदांना ४ ने गुणा: २८/१०० = ०.२८. ३/२० म्हणजे १५/१०० म्हणजे ०.१५. ९/४० ला २५ ने गुणले की २२५/१००० = ०.२२५. त्यामुळे ६ ७/२५ = ६.२८ हे तोंडी सांगता येते. छेद ३, ७, ११ असे असतील तर ही वाट बंद, भागाकारच करायचा.

४ ३/८ चे उत्तर ४.३८ का नाही?

माझ्या पाहण्यातली ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे, म्हणून जरा थांबून पाहू. एका वहीत मी ओळीने तीन उत्तरे पाहिली होती: ४ ३/८ = ४.३८, २ १/५ = २.१५, ७ १/२ = ७.१२. मुलगी हुशार होती. तिने आपला एक नियम बसवला होता आणि तो इमानाने पाळला होता: रेघ काढून टाका, आकडे जोडा, मध्ये टिंब द्या.

मी तिला एकच विचारले, ‘साडेसात म्हणजे सात आणि किती?’ ‘अर्धा.’ ‘मग ७.१२ मध्ये चिन्हापुढे अर्धा आहे का?’ तिने १२ शतांशाकडे पाहिले, शंभरातले बारा, आणि स्वतःच तिन्ही उत्तरे खोडली.

दशांश चिन्हाच्या उजवीकडे छेद लिहिलेला नसतो, तो जागेवरून कळतो. पहिल्या स्थळाचा छेद १०, दुसऱ्याचा १००, तिसऱ्याचा १०००. त्यामुळे ४.३८ चा अर्थ ४ ३८/१०० असाच होतो, ४ ३/८ कधीच नाही. ४ ३/८ = ४.३७५. ही दोन उत्तरे योगायोगाने अगदी जवळ पडतात, म्हणून चूक नजरेतून निसटते. २ १/५ मध्ये ती लगेच दिसते, कारण खरे उत्तर २.२ आहे.

उत्तर बरोबर आले का, हे पटकन कसे तपासायचे?

अंशाची दुप्पट करा. ती छेदापेक्षा मोठी असेल तर दशांश भाग ०.५ पेक्षा मोठा हवा, लहान असेल तर लहान. ५/१२ मध्ये दुप्पट १०, बारापेक्षा कमी, म्हणजे उत्तर ०.५ च्या आत पाहिजे. आकडेमोड सुरू करण्यापूर्वीच हा अंदाज बांधावा असा माझा आग्रह असतो.

मधले शून्य कधी लिहायचे? ५ ७/१०० म्हणजे ५.७ का?

नाही, ५.०७. सात शतांश आहेत, दशांश एकही नाही, म्हणून दशांशाची जागा शून्याने भरावी लागते. ५.७ म्हणजे ५ ७/१०. दोन्हींच्या अपूर्णांक भागांत दहापटीचा फरक आहे.

भागाकारातही हेच होते. ३/४० करताना ३० मध्ये ४० चा भाग जात नाही, तर उत्तरात ० लिहून मगच पुढचा शून्य उतरवायचा. मग ३०० मध्ये ७ वेळा (२८०), बाकी २०, पुढे २०० मध्ये ५ वेळा. उत्तर ०.०७५. ‘भाग गेला नाही’ म्हणून शून्य न लिहिता पुढे सरकले की ०.७५ येते.

सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने १५८५ साली दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका काढली आणि युरोपात त्यांचा प्रसार झाला. (त्याआधी समरकंदच्या अल-काशीने १४२७ मध्ये ते सविस्तर मांडले होते.) स्टेव्हिनच्या लिखाणात दशांश चिन्ह नव्हते. प्रत्येक अंकाबरोबर तो वर्तुळात जागेचा क्रमांक लिहीत असे: एककाला ०, दशांशाला १, शतांशाला २. ज्यांचे शून्य वारंवार सुटते त्यांना मी काही दिवस अंकांवर असेच क्रमांक लिहायला सांगतो. दिसायला गचाळ दिसते, पण जागा डोळ्यांपुढे राहते.

काही भागाकार संपतच नाहीत. असे का?

२ ३/७ घ्या. पूर्णांक २ बाजूला. ३० मध्ये सात चोक अठ्ठावीस, बाकी २. वीस: सात दुणे चौदा, बाकी ६. साठ: सात आठे छप्पन, बाकी ४. चाळीस: सात पंचे पस्तीस, बाकी ५. पन्नास: सात सत्ते एकोणपन्नास, बाकी १. दहा: सात एके सात, बाकी ३.

इथे थांबा. सुरुवात ३ पासूनच झाली होती. बाकी पुन्हा ३ आली म्हणजे आता तेच अंक त्याच क्रमाने परत येणार: २.४२८५७१४२८५७१… याला अखंड आवर्ती दशांशरूप म्हणतात, आणि पुन्हा येणाऱ्या अंकांच्या डोक्यावर आडवी रेघ मारतात.

हे टळत नाही. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार. सहाच्या सहा बाक्या वापरून झाल्या की जुनीच कोणीतरी परतणार. म्हणून कोणत्याही अपूर्णांकाचे दशांशरूप एकतर संपते, नाहीतर त्याची आवृत्ती होते. अंक कसेही भरकटत जातात असे कधी होत नाही. १/१७ ची आवृत्ती चांगली सोळा अंकांची आहे, १/१३ ची मात्र सहाच अंकांची.

सातमांशांची एक गंमत पाहण्यासारखी आहे. १/७ = ०.१४२८५७…, २/७ = ०.२८५७१४…, ३/७ = ०.४२८५७१…. तेच सहा अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. वरच्या भागाकारात बाक्यांचे चक्र पाहिले असेल तर कारण लक्षात येईल: २/७ करणारा त्याच चक्रात २ या बाकीपासून आत शिरतो.

भागाकार संपेल की नाही, हे आधी ओळखता येते का?

येते. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या (अंश-छेदांना सामाईक भाग उरणार नाही असे) आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यांत फक्त २ आणि ५ असतील तर भागाकार संपतो (खंडित दशांशरूप). तिसरा कोणताही मूळ अवयव असेल तर संपत नाही. दहाचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच आहेत, म्हणून १०, १००, १००० अशा छेदांपर्यंत तेवढेच पोहोचू शकतात.

किती स्थळांनंतर संपेल तेही कळते. २ किती वेळा आला आणि ५ किती वेळा आला, यांतली मोठी संख्या घ्या. ४० = २ × २ × २ × ५, म्हणून तीन स्थळे. १६ मध्ये २ चार वेळा, म्हणून १/१६ = ०.०६२५, चार स्थळे.

संक्षिप्त रूप द्यायला विसरू नका. २ ९/१२ मध्ये छेदात ३ दिसतो म्हणून कोणी ‘संपणार नाही’ म्हणेल, पण ९/१२ म्हणजे ३/४, आणि उत्तर सरळ २.७५.

२ किंवा ५ यांच्या जोडीला दुसरा अवयव असला की सुरुवातीचे काही अंक आवृत्तीच्या बाहेर राहतात: १/६ = ०.१६६६…, ७/१२ = ०.५८३३३….

म्हणजे १/३ मध्येच काही खोट आहे का?

खोट १/३ मध्ये नाही, प्रश्न दहाच्या पायाचा आहे, म्हणजे आपण दहा-दहाच्या गटांत संख्या लिहितो त्याचा. प्राचीन बॅबिलोनियात ६० च्या पायावर संख्या लिहीत. तिथे १/३ म्हणजे २० साठांश, अगदी नेमके. त्याचा वारसा घड्याळात उरला आहे: तासाचा तिसरा भाग वीस मिनिटे. उलट, संगणक २ च्या पायावर चालतो, त्यामुळे आपल्याला अगदी साधा वाटणारा १/१० त्याच्यासाठी न संपणारा ठरतो. म्हणून बऱ्याच संगणकीय भाषांत ०.१ + ०.२ केले की सतराव्या दशांश स्थळावर एक ४ उपटतो.

ऋण संख्या असेल तर?

−२ ३/४ म्हणजे −(२ + ३/४), म्हणून −२.७५. ऋण चिन्ह दोघांनाही लागू आहे. −२ + ०.७५ करून −१.२५ लिहू नका.

२ तास १५ मिनिटे म्हणजे २.१५ तास ना?

२.२५ तास. १५ मिनिटे म्हणजे १५/६० तास, म्हणजे पाव. इथे छेद ६० आहे, १०० नाही. तसेच ५ फूट ६ इंच म्हणजे ५ ६/१२ फूट, म्हणजे ५.५ फूट. कामाचे तास मांडताना ही चूक बेमालूम शिरते आणि बेरीज बिघडवते, म्हणून तास-मिनिटांच्या मध्ये टिंब न देण्याची सवय चांगली.

इंचाची मापे दशांशात कशी आणायची?

इंचपट्टीवर बहुधा सोळांश असतात, तेव्हा १/१६ = ०.०६२५ एवढे एक लक्षात ठेवा आणि जितक्या रेघा तितक्यांनी गुणा. ३ ५/१६ इंच: ५ × ०.०६२५ = ०.३१२५, म्हणून ३.३१२५ इंच. मिलिमीटर हवे असतील तर २५.४ ने गुणा (१९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून इंच नेमका २५.४ मिलिमीटर धरतात): ८४.१३७५. थेट ३ ५/१६ ला २५.४ ने गुणायला जाल तर अडखळाल. आधी दशांश, मग गुणाकार.

न संपणारे उत्तर किती स्थळांपर्यंत लिहायचे?

प्रश्नात सांगितले असेल तितकी स्थळे. सांगितले नसेल तर आवृत्तीची रेघ द्या, ते उत्तर पूर्ण बरोबर असते. आसन्न (म्हणजे जवळात जवळची) किंमत काढताना हव्या त्या स्थळाच्या पुढचा अंक पाहा: ५ किंवा जास्त असेल तर आधीचा अंक एकाने वाढवा. २.४२८५… दोन स्थळांपर्यंत २.४३.

दोन गोष्टी मात्र जपा. टप्प्याटप्प्याने आसन्न करू नका: १३/२९ = ०.४४८२… एका स्थळापर्यंत ०.४ आहे, पण आधी ०.४५ आणि मग ०.५ करणारा चुकतो. आणि आसन्न किंमत अगदी शेवटी काढा. २ २/३ × ३०० = ८००, पण २.६७ × ३०० = ८०१. संख्या मोठी होत गेली की फरकही वाढत जातो. आकडेमोड लांबलचक असेल तर शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवावा हे माझे ठाम मत आहे.

कॅल्क्युलेटरवर किंवा एक्सेलमध्ये कसे भरायचे?

कॅल्क्युलेटरवर आधी ५ ÷ ८ करा आणि आलेल्या उत्तरात ३ मिळवा. साध्या कॅल्क्युलेटरवर ३ + ५ ÷ ८ असे ओळीने दाबले तर तो आधी बेरीज करून ८ ÷ ८ = १ दाखवण्याची शक्यता असते. त्यावर ०.६६६६६६७ दिसले तर शेवटचा ७ खरा नसतो, जागा संपली म्हणून तो आसन्न केलेला असतो.

एक्सेलमध्ये नुसते ३/८ लिहिले तर त्याची तारीख होते. ० ३/८ असे शून्य आणि मोकळी जागा देऊन लिहा, किंवा = चिन्हाने सुरुवात करून ३+५/८ लिहा.

काही पाठ करावे का?

थोडेच. पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, एक पंचमांश ०.२, एक अष्टमांश ०.१२५. तृतीयांश ०.३३३… आणि नवमांश ०.१११…. बाकीचे यांतून निघतात: ७/८ म्हणजे १ मधून ०.१२५ वजा, ०.८७५. अकरांशांसाठी अंशाला ९ ने गुणून दोन अंकांत लिहा, तीच आवृत्ती: ५/११ साठी ४५, म्हणजे ०.४५४५….

उलट, दशांशावरून अपूर्णांकाकडे कसे यायचे?

संपणारा असेल तर जागेचा छेद द्या आणि संक्षिप्त करा: २.३७५ = २ ३७५/१००० = २ ३/८.

आवर्ती असेल तर आवृत्ती वजाबाकीने उडवायची. ०.३६३६… ला क्ष म्हणा. १०० क्ष = ३६.३६३६…. वजा केल्यावर शेपटे एकमेकांत निघून जातात: ९९ क्ष = ३६, क्ष = ४/११. सुरुवातीला आवृत्तीबाहेरचे अंक असतील तर आधी चिन्ह त्यांच्यापुढे न्या. क्ष = ०.५८३३३… मध्ये १००० क्ष = ५८३.३३३… आणि १०० क्ष = ५८.३३३…. वजा करून ९०० क्ष = ५२५, क्ष = ७/१२.

०.९९९… म्हणजे १ पेक्षा किंचित कमी ना?

नाही, ते १ च आहे. वरचीच रीत लावा: क्ष = ०.९९९…, १० क्ष = ९.९९९…, वजा करून ९ क्ष = ९, क्ष = १. तरी मन मानत नसेल तर १/९ = ०.१११… हा भागाकार स्वतःच्या हाताने करा, प्रत्येक वेळी बाकी १ च उरते ते पाहा, आणि मग दोन्ही बाजूंना ९ ने गुणा. डावीकडे ९/९ येते, उजवीकडे ०.९९९….